तेवीस गेम आणि एक खोटा कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीवर गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. दोन मुठी, दोन स्टिक, थोडी बटणे आणि एक लांब वायर, एवढाच माझा संसार. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की दुसऱ्याच वाक्याला गळा काढतात, हे मला ठाऊक आहे. मी काढणार नाही. मला रडू येत नाही, मला राग येतो. माझ्या मालकाचा येतो, त्यांच्या वहीचा येतो, आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा येतो. का येतो ते ऐका, आणि मध्येच चुळबुळ करू नका.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने स्टिकखाली स्प्रिंगा घातल्या, तिसरीने स्क्रू पिळले. टेबलाच्या टोकाला तपासणीवाली बसली होती. तिने माझी डावी स्टिक चारही दिशांना ढकलून सोडून दिली, ती टुणकन मधोमध आली. मग उजवी ढकलली, तीही आली. तिने माझ्या पाठीवर 'पास' अशी गोल चिकटपट्टी लावली आणि पुढच्याला उचलले. त्यानंतर कित्येक वर्षे माझी कुणी तपासणी केली नाही. आता गंमत बघा. ज्या घरात मी गेलो, त्या घरचे कर्ते पुरुष पोटासाठी तपासणीच करत होते.

ते वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. वाण्याचा तराजू, सोनाराचा नाजूक काटा, भंगारवाल्याचा अवाढव्य काटा, सगळ्यांवर दरवर्षी त्यांचा शिक्का लागे. दुकानदार त्यांना पाठीमागे 'काटेसाहेब' म्हणत. दुकानात शिरले की नमस्कार-चमत्कार काही नाही. काट्यावरचे सगळे खाली उतरवायला लावत आणि आधी रिकामा काटा बघत. रिकामा काटा शून्यावर उभा राहत नसेल तर पुढे काय वाटेल ते तोला, सगळे खोटेच, असे ते म्हणत. हे मी दुकानात जाऊन ऐकलेले नाही. जेवताना रोज ऐकलेले आहे.

मला घरात आणले त्यांच्या धाकट्या बहिणीने. तेव्हा ती कॉलेजात होती आणि भावाकडेच राहत होती. रविवारी दुपारी भाऊ-बहीण टीव्हीसमोर मांडी घालून बसत. ते दिवस माझे सुखाचे होते. धाकटीची बोटे हलकी होती. "काय पकड आहे रे याची, दादा!" असे ती म्हणे आणि मी आतल्या आत फुगून जाई. हरले की मात्र काटेसाहेब मला आदळत आणि धाकटी त्यांच्या हातातून मला हिसकावून घेई. "त्याचा काय दोष?" असे ती म्हणायची. तेव्हा खरोखरच माझा काही दोष नव्हता.

पुढे धाकटी शिकली, दुसऱ्या गावी गेली, आणि तिथे तिघा सोबत्यांना घेऊन स्वतःच गेम बनवू लागली. जाताना तिने गेम चालवणारा कन्सोल आणि मला इथेच ठेवले, कारण काटेसाहेब म्हणाले, "राहू दे गं, मी खेळेन की!"

खेळेन की! पाच वर्षे या गृहस्थाने मला हात लावला नाही. मी टीव्हीखालच्या खणात पडलो. तेही चालले असते, पण कुणीतरी माझ्या अंगावर एक जाडजूड टॉर्च आडवा टाकला. त्याचे बूड नेमके माझ्या डाव्या स्टिकवर आले आणि ती डावीकडे कलली ती कललीच. वीज गेली की टॉर्च निघे, वीज आली की परत तिथेच, तस्साच. पाच वर्षे तुमची मान कुणी डावीकडे दाबून धरली तर तुम्ही नंतर सरळ बघाल का? माझी स्प्रिंग थकली. स्टिक मध्यावर यायची, पण केसभर डावीकडे राहायची. बघणाऱ्याला दिसणारही नाही, एवढीच.

आणि या पाच वर्षांत काटेसाहेब गेम विकत आणतच होते, बरे का! सेल लागला की एक आणायचे, वाढदिवस आला की एक, कंटाळा आला की एक. आणायचे, पाठीमागचा मजकूर वाचायचे, खूश व्हायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. एके दिवशी त्यांच्या बायकोला ती फळी हवी झाली. बाई एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहेत. आखडलेले खांदे आणि धरलेल्या कमरा सोडवण्यात त्यांचा दिवस जातो, म्हणून घरी आल्यावर त्यांना आखडूपणा अजिबात खपत नाही. धाकटी त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

"अहो, बावीस आहेत हे," वहिनी म्हणाल्या. "एकाचंही प्लास्टिक फाडलेलं नाही. लोणचं घालायचंय का यांचं?"

हे काटेसाहेबांच्या वर्मी लागले. कचेरीत ज्यांच्या टेबलावर एक कागद शिल्लक राहत नाही, त्यांच्या घरात बावीस प्रकरणे तुंबलेली! त्यांनी त्याच संध्याकाळी एक जाड वही काढली, पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, गेमचे नाव, सुरुवात, समाप्ती, आढळलेले दोष, शेरा. फळीवर डावीकडून उजवीकडे जे जसे उभे होते तसे त्यांना नंबर दिले. नियम दोनच केले. एक, सगळे संपेपर्यंत नवा गेम आणायचा नाही. दोन, कुणालाही रांग मोडू द्यायची नाही.

मग मला खणातून काढले. "बघ, अजून नवा दिसतो," असे म्हणून त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले. पुसले, मित्रांनो. तपासले नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीचे पाकीट आले. चार वर्षे खपून तिने आणि तिच्या सोबत्यांनी जो गेम बनवला होता, त्याची कच्ची प्रत आत होती. सोबत चिठ्ठी होती. 'दादा, जगात तुझ्याइतका खडूस माणूस मी पाहिला नाही. म्हणून आधी तू खेळ. काय चुकलंय ते बिनधास्त सांग. तू सांगशील ते मी बदलीन.'

कुणीही माणूस काय करेल? पाकीट फोडेल आणि खेळायला बसेल. काटेसाहेबांनी वही उघडली आणि लिहिले, 'क्र. २३.'

"अहो, बहीण आहे तुमची!" वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच. आपल्याच माणसाला पुढे घेतलं तर रांगेला अर्थ काय राहिला?"

त्या क्षणी मला हात असते तर मी कपाळाला लावले असते.

आणि मग सुरू झाली ती तपासणी. रोज संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी दुपारभर. पहिला गेम मोटारींच्या शर्यतीचा होता. काटेसाहेबांची मोटार सरळ रस्त्यावरून हळूच डावीकडे जाई, कठड्याला घासे, ते तिला उजवीकडे ओढत, ती पुन्हा डावीकडे. मी काय करणार? माझी स्टिकच सांगत होती, डावीकडे चल म्हणून. अकरा दिवसांनी ते एकदाचे जिंकले आणि त्यांनी वहीत लिहिले, 'आढळलेले दोष: रस्त्याला सर्वत्र डावीकडे उतार. बांधकामात निष्काळजीपणा. शेरा: असमाधानकारक.'

चौथ्या गेममध्ये एक टपालवाली सायकलवरून डोंगरातल्या गावांना पत्रे वाटते. फार गोड गेम होता तो. तिने घंटा वाजवण्याआधीच म्हातारी माणसे दार उघडून उभी असत. पण वाटेच्या डावीकडे दरी होती. ती बिचारी दरीत किती वेळा गेली याची मोजदाद मी सोडून दिली. शेरा काय? 'सायकल दरीकडे ओढते. टपाल खात्याने कर्मचाऱ्यास अशी सायकल देणे गंभीर आहे.'

नवव्यात एक तलवारबहाद्दर आणि एक राक्षस होता. 'राक्षस डावीकडे उभा राहतो व नायक आपण होऊन त्याच्या अंगावर जातो. नायकास अक्कल नाही.' बाराव्यात एक भिडस्त हॉटेलवाला आणि त्याच्याकडे उतरलेली एक गायिका. तिला काय उत्तर द्यायचे ते स्टिकने निवडायचे, उजवीकडे गोड उत्तर, डावीकडे तिखट. काटेसाहेब गोड उत्तरावर जात आणि बटण दाबेपर्यंत मी घसरून तिखटावर आलेला असे. ती विचारी, 'उद्या गाणं ऐकायला याल ना?' आणि हा सांगे, 'तुमचा आवाज मला सहन होत नाही.' वहीत नोंद झाली, 'नायिका विनाकारण रुसते.' विनाकारण!

त्यांना चांगले कळत नव्हते असे नाही, हेच तर दुःख आहे. पंधरावा गेम एका दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. त्यात काहीच घडत नाही. तो जिना चढतो, काच पुसतो, दिवा लावतो. काटेसाहेबांनी तो सोळा दिवस शांतपणे खेळला आणि लिहिले, 'संथ आहे, पण शेवटी जहाज दिसते तेव्हा फार बरे वाटले. मी दिवा लावला म्हणून ते आले, असे वाटले.' मला वाटले, आता सुधारले. पण खाली पुढची ओळ होतीच. 'रखवालदार जिना चढताना सतत डाव्या भिंतीला घासत का जातो, याचा खुलासा केलेला नाही.'

बावीसपैकी चारच गेमना त्यांनी 'निर्दोष' असा शेरा दिला. एक ठोकळे रचायचा, एक शब्द जुळवायचा, दोन पत्त्यांचे. चौघांत सारखे काय होते, सांगू? ते स्टिकने खेळायचे नव्हतेच. ते बाणाच्या बटणांवर चालत होते. वही समोर उघडी, अठरा गेम डावीकडे जातात, चार जात नाहीत, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यातली खोट काढलेला हा माणूस पेनाचे टोपण चावत म्हणतो, "हल्ली कुणाला नीट कामच करायला नको!"

तुम्ही विचाराल, त्यांनी मला कधी खाली ठेवले नाही का? ठेवले की. पण शिस्तीचा माणूस! पाणी प्यायला उठायचे तरी आधी पॉजचे बटण दाबायचे, मगच मला खाली ठेवायचे, तेही फडक्यावर. पॉज केल्यावर पडद्यावरचे कुणी हलत नाही. मला रिकाम्या हाताने त्यांनी कधी पाहिलेच नाही.

दर रविवारी धाकटीचा फोन येई.

"दादा, माझा नंबर आला का?"

"अठरा चालू आहे."

"अरे, पुढच्या महिनाअखेरीला आम्हाला पक्की प्रत द्यायची आहे. एकदा दिली की मग एक अक्षर बदलता येत नाही."

"येईल गं वेळेत. मी वेगात आहे."

वेगात कसले! तो महिना संपायला दहा दिवस राहिले तेव्हा कुठे तेविसावा नंबर आला.

धाकटीच्या गेममध्ये एक सहा वर्षांची मुलगी आपल्या मोठ्या भावामागून शाळेत जाते. बस्स, एवढेच. पण काय केले होते ते! बोळात मांजर आडवे येते, बाजारात माणसांच्या पायांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, तिला सगळे जग कमरेएवढ्या उंचीवरून दिसते. भाऊ दप्तर एका खांद्यावर टाकून पुढे पुढे पळतो. काटेसाहेबांनी लिहिले, 'भाऊ बेजबाबदार आहे.' मग येते भिंत. शाळेमागची अरुंद, लांब भिंत. भाऊ तिच्यावरून पळत दिसेनासा होतो आणि मुलीला एकटीने तोल सांभाळत जायचे असते.

मित्रांनो, त्या भिंतीवर मी त्या पोरीला साठ वेळा पाडले. दरवेळी डावीकडे. ती कपडे झटकून उठे आणि पुन्हा चढे. मी जीव तोडून स्टिक मध्यावर ओढायचा प्रयत्न केला, पण माझ्या हातात काही नव्हते. साठाव्या वेळी गेमने विचारले, 'हा टप्पा सोडून पुढे जायचे का?' आणि काटेसाहेबांनी फणकाऱ्याने 'हो' दाबले. भिंतीच्या टोकाला काय आहे ते न बघताच ते शाळेच्या फाटकापाशी पोचले. गेम संपला.

संध्याकाळी त्यांनी फोनवर वही वाचून दाखवली. "भिंतीचा टप्पा सदोष आहे. मुलीला तोलच नाही. कितीही सांभाळा, पडतेच. तो टप्पा काढून टाकावा. शेवट कळला नाही."

मग धाकटी म्हणाली, "तू नक्की सांगतोयस ना, दादा? भिंत तर आमची..." आणि थांबली. "बरं. काढते."

फोन ठेवून काटेसाहेबांनी समाधानाने वही मिटली. तेवीसही प्रकरणे निकाली निघाली होती. मला तर फुटून जावेसे वाटत होते. बाकीच्या अठरा गेमना कुणी त्यांची वही वाचून दाखवणार नव्हते. पण ही पोर त्यांच्या शब्दावर चार वर्षांचे काम कापणार होती, आणि दोष माझ्या पोटातल्या एका स्प्रिंगेचा होता.

आठवडा गेला. काटेसाहेबांचा डावा अंगठा सुजला. भाजी चिरताना सुरी धरवेना, तेव्हा वहिनींनी त्यांचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबले. काटेसाहेब केवढ्याने ओरडले!

"हा उजवीकडे ढकलून ढकलून दुखावलाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही असं काय ढकलता दिवसभर?"

"मी? काही नाही."

"त्या खेळात?"

"छे! त्यात काय ढकलायचंय?"

"खेळून दाखवा बघू."

त्यांनी धाकटीचाच गेम लावला. वहिनी पडद्याकडे बघतच नव्हत्या, त्या अंगठ्याकडे बघत होत्या. बोळातून मुलगी सरळ चालली होती.

"मुलगी सरळ चाललीय ना?"

"हो."

"मग अंगठा उजवीकडे का?"

"सरळ चालवायला तेवढं द्यावंच लागतं," काटेसाहेब अगदी सहज म्हणाले.

"का द्यावं लागतं?"

काटेसाहेब स्वतःच्याच अंगठ्याकडे बघू लागले.

"हात काढा त्याच्यावरून," वहिनी म्हणाल्या.

"थांब, पॉज करतो."

"पॉज नको. नुसतं खाली ठेवा."

त्यांनी मला टेबलावर ठेवले. मला कुणाचाही हात लागलेला नव्हता. पडद्यावरची मुलगी क्षणभर उभी राहिली, आणि मग आपली आपण डावीकडे चालू लागली. बोळाच्या भिंतीला टेकली तरी थांबेना, तिथल्या तिथे पाय उचलत राहिली.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, काटा रिकामाच आहे ना?"

मी काटेसाहेबांना रागावलेले पाहिले आहे, कंटाळलेले पाहिले आहे. इतके खचलेले कधी पाहिले नव्हते. त्यांनी वही ओढली आणि पानांमागून पाने उलटली. रस्त्याचा उतार, सायकल, राक्षस, रुसलेली गायिका, घासत जाणारा रखवालदार. मग चार निर्दोष. वही त्यांच्या हातातून गळून पडली. "मी तिची भिंत काढायला लावली," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला. धाकटी उचलेना. दुसऱ्या दिवशी महिनाअखेर होती.

"फोन कसले करता?" वहिनी ओरडल्या. "सकाळ आहे अजून. जा!"

त्यांनी मला वायरीसकट पिशवीत कोंबले. फडक्यात गुंडाळले नाही, याची मी नोंद घेतली. साडेतीन तास बसमध्ये धक्के खात आम्ही धाकटीच्या गावी पोचलो. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार टेबले, जमिनीवर वायरींची जाळी. धाकटीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. तिघे सोबती माना खाली घालून काम करत होते.

"दादा? इथे कसा?"

काटेसाहेबांनी मला तिच्या टेबलावर काढून ठेवले, जप्त केलेला तराजू ठेवावा तसे. "हा खोटा आहे," ते म्हणाले. "डावीकडे ओढतो. तुझी भिंत बरोबर होती. माझा हात चुकीचा होता."

धाकटीने मला जोडले, डाव्या स्टिकला बोट लावले आणि काढले. फार तर तीन सेकंद.

"दादा, हे पहिल्या मिनिटाला कळतं रे."

"मला आठ महिने कळलं नाही."

मला वाटले ती हसेल. ती हसली नाही. "हा रोज सांगत होता, भिंत ठेवू म्हणून," तिने चित्रे काढणाऱ्या सोबत्याकडे बोट दाखवले. "मी याच्याशी भांडले. म्हटलं, माझा दादा म्हणतो म्हणजे चुकलंच असणार. रडत रडत कापली मी ती भिंत. आणि तू आठ महिने मला रांगेत उभी केलीस, का, तर नियम! लोकांचे काटे बघतोस ना रे तू? मग स्वतःच्या हातातलं एकदा बघायचं होतंस!"

काटेसाहेब माझी डावी स्टिक ढकलून सोडून बघत राहिले.

"टोकापर्यंत गेला होतास का तू?" तिने विचारले.

"नाही. गेमने विचारलं, पुढे जायचं का. मी हो म्हटलं."

"मग बस. आधी चालून ये. उद्या सकाळी प्रत द्यायची आहे, भिंत परत बसवायला अख्खा दिवस लागेल. तू चालल्यावर ठरवू, बसवायची की नाही."

तिने जुनी प्रत लावली आणि त्यांच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. तरुण होता, सरळ होता. मी बाजूला पडून बघत राहिलो. मुलगी भिंतीवर चढली आणि पहिल्याच पावलाला पडली, उजवीकडे! आठ महिन्यांची सवय होती अंगठ्याला. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा पडली. चौथ्या वेळी काटेसाहेबांनी अंगठा सैल सोडला. मुलगी हात पसरून, एकेक पाऊल टाकत, डुगडुगत निघाली. तिघे सोबती कामे सोडून मागे येऊन उभे राहिले होते.

भिंतीच्या टोकाला भाऊ होता. तो खाली उतरून थांबला होता. दप्तर जमिनीवर ठेवून त्याने तिच्याकडे हात पुढे केला होता.

काटेसाहेब बघतच राहिले. एका खांद्यावरचे ते दप्तर कुणाचे, हे त्यांच्या आता कुठे लक्षात आले. "आपल्या शाळेमागची भिंत," ते म्हणाले. "मी असा थांबायचो का गं?"

"नाही," धाकटी पडद्याकडे बघतच म्हणाली. "तू कधीच थांबला नाहीस. घंटा होईल म्हणून पळायचास. शेवटची उडी मी रोज एकटीच मारायचे."

"मग हे?"

"मला हवं होतं तसं केलं. गेम माझा आहे."

काटेसाहेब बटण दाबायचे विसरले. पडद्यावरचा भाऊ हात पुढे करून उभाच होता. टायरच्या दुकानात कुणीतरी हातोडा मारत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"दाब ना, दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "किती वेळ उभा राहील तो?"

त्यांनी बटण दाबले. मुलीने उडी मारली आणि भावाचा हात धरला. पुढे शाळेचे फाटक आले, तोच शेवट, जो त्यांना कळला नव्हता. या वेळी कळला, हे त्यांच्या नाक ओढण्यावरून मला समजले.

"भिंत ठेव," ते म्हणाले.

"ऐकलंत ना?" धाकटीने सोबत्यांना विचारले. "लागा कामाला!"

तो दिवस आणि ती रात्र चौघे जण राबले. काटेसाहेबांनी चहा आणला, जेवण आणले, आणि मधल्या वेळेत त्या भिंतीवरून चाळीस वेळा चालून दाखवले, कुठे काही अडते का म्हणून. सकाळी पक्की प्रत वेळेवर गेली, भिंतीसकट.

निघण्याआधी त्यांनी तिच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, पट्टी नव्हती म्हणून हातानेच रकाने ओढले आणि नवी नोंद केली. 'क्र. २३. आढळलेले दोष: भिंतीच्या टोकाला थांबणारा भाऊ खरा नाही. दुरुस्ती: गेममध्ये करू नये. भावात करावी.'

धाकटीने तो कागद वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाली, "खाली सही कर. तारीख घाल."

त्यांनी सही केली, तारीख घातली.

मित्रांनो, माझे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. काटेसाहेबांच्या कचेरीत एक काचेचे कपाट आहे. नव्याने नोकरीला लागलेल्यांना दाखवायला त्यात जप्त केलेली खोटी वजने ठेवतात. आतून पोखरलेले एक, बुडाला मेण लावलेले एक, आणि त्यांच्या शेजारी गळ्यात चिठ्ठी अडकवलेला मी. घरी ते अठरा गेम नव्या कंट्रोलरवर पुन्हा खेळताहेत आणि जुने शेरे एकेक करून खोडताहेत, असे ऐकतो. टपालवाली आता दरीत जात नाही म्हणे. मला आनंद आहे, आणि जरा जळफळाटही आहे.

म्हणून तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. वस्तू जपायच्या तर नुसत्या पुसून ठेवू नका, त्यांच्यावर टॉर्च टाकू नका, आणि अधूनमधून त्या ठीक चालतात का ते बघत जा. कुणी आपले माणूस मन लावून केलेले काम तुमच्या हातात देईल, तेव्हा ते आधी बघा, आणि त्याला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या हातात काय आहे तेही बघा. ते माझ्यासारखे निघाले, तर 'जुना आहे, सवयीचा आहे, बहिणीने आणलेला आहे' असे म्हणून त्याची भीड धरू नका. खुशाल टाकून द्या. आम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या.